खलपात्रांचे अलंकार : अंगुलिमालापासून जपानी अ‍ॅनिमेपर्यंत

जपानी चित्रमालिकांना, म्हणजे ज्यांना आता सर्वत्र ‘अ‍ॅनिमे’ या नावाने ओळखले जाते त्यांना, बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात स्थान कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मालिकांतच आहे. दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीपासून धुळ्याच्या पेठांपर्यंत आपली मुले या मालिका हिंदी संवादांसह पाहतात. त्यांतील कित्येक खलपात्रे कषाय वस्त्र पांघरतात. कोणाचे कान बुद्धमूर्तीच्या कानांसारखे लोंबतात. कोणाच्या नावातच ‘नरक’ आहे. ही सर्व सामग्री बौद्ध परंपरेतून जपानला गेलेली आहे. ती आता खलपात्रांची भूषणे होऊन आपल्या घरी परत येत असेल, तर तिचा अर्थ लावण्याचे काम आपल्यालाच केले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : अलंकाराचा अर्थ अलंकारात नसतो. तो अलंकार कोणी घातला, आणि घालणाऱ्याला तो उतरविता येतो काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तो असतो. पालि साहित्याने ही कसोटी फार पूर्वी सिद्ध केली आहे. प्रथम ती पाहू आणि मग तिच्यावर अ‍ॅनिमेतील काही प्रसिद्ध खलपात्रे घासून पाहू.

१. गळ्यातील माळ

खलपात्राच्या अलंकाराचे बौद्ध साहित्यातील सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे अंगुलिमाल. मज्झिमनिकायाच्या ८६व्या सुत्तात त्याची कथा येते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ तो धारण करीत असे, एवढेच सुत्त सांगते. गुरुदक्षिणेची आणि हजार बोटांची हकिकत नंतरच्या अट्ठकथेतील आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सुत्ताला त्याच्या दुष्टपणाचे कारण शोधण्यात रस नाही. त्याला रस आहे तो माळ उतरण्यात.

या माळेचे वैशिष्ट्य असे की ती त्याला कोणी दिलेली नाही. ती त्याच्या कर्मांची मोजदाद आहे. त्याचे नावही या माळेवरून पडले. म्हणजे अलंकाराने माणसाला गिळून टाकले. पुढे राजा पसेनदि पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडण्यास निघतो आणि वाटेत भगवंतांपाशी थांबतो. भगवंतांच्या जवळच मुंडन केलेला, काषाय वस्त्रे ल्यालेला एक भिक्षू बसलेला आहे. तोच अंगुलिमाल. राजा त्याला ओळखत नाही. भगवंतांनी हात करून दाखविल्यावर मात्र राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. ज्याच्या शोधात सैन्य निघाले, तो समोर असून दिसत नाही, कारण राजा माणसाला शोधत नव्हता, माळेला शोधत होता. भीती ओसरल्यावर राजा त्याच्या माता-पित्यांचे गोत्र विचारतो आणि ‘गग्ग’ व ‘मन्तानी’ या गोत्रांवरून त्याला आदराने संबोधितो. दरोडेखोराला पुन्हा माणसाचे नाव मिळते. पुढे भिक्षाटनात त्याच्या अंगावर ढेकळे, काठ्या आणि खडे येऊन आदळतात, पात्र फुटते, संघाटी फाटते. केलेल्या कर्माचे फळ तो सोसतो, परंतु माळ पुन्हा गळ्यात येत नाही.

याच्या नेमकी उलट कथा दिव्यावदानात आहे. स्थविर उपगुप्त यांच्या धम्मदेशनेत व्यत्यय आणण्यासाठी मार त्यांच्या मस्तकी फुलांची माळ घालतो. उपगुप्त त्याला प्रतिभेट म्हणून एक माळ देतात. ती सुंदर दिसते म्हणून मार ती गळ्यात घालून घेतो, आणि पाहतो तो काय, ती साप, कुत्रा आणि मनुष्य यांच्या प्रेतांची माळ आहे. त्याला ती काही केल्या काढता येत नाही. देवांकडे गेला तरी सुटका होत नाही. अखेर ज्यांनी घातली त्यांच्याकडेच त्याला परत यावे लागते, आणि तेथेच त्याचा अहंकार गळतो. अंगुलिमालाची माळ स्वतःच्या हाताने ओवलेली, माराची माळ दुसऱ्याने घातलेली. दोन्ही कथांत शेवट मात्र एकच आहे : माळ उतरते. बौद्ध कथेतील खलपात्र कायमचे खलपात्र नसते.

२. अजिंठ्याचा मार आणि पितळखोऱ्याचा यक्ष

दुष्ट हा अलंकारावरून ओळखता येतो काय? पालि मारसंयुत्ताचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. तेथे मार कधी खांद्यावर नांगर टाकून, चिखलाने माखलेल्या पायांचा शेतकरी होऊन येतो. कधी जटा वाढवून, अजिन नेसून, उंबराचा दंड टेकत चालणारा वृद्ध ब्राह्मण होऊन येतो. कधी हत्ती होऊन येतो. त्याचा ठराविक वेष नाही. भगवंत त्याला ओळखतात ते त्याच्या पोशाखावरून नव्हे, तर तो काय बोलतो आणि काय करू पाहतो यावरून.

चित्रकाराला मात्र मार प्रत्यक्ष दाखवावा लागतो. आपल्या खानदेशाच्या सीमेवर असलेल्या अजिंठ्यात तो दोन ठिकाणी ठळकपणे आढळतो : लेणे क्र. १ च्या भित्तिचित्रात आणि लेणे क्र. २६ च्या शिल्पात. दोन्ही लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक काळातील. लेणे क्र. २६ मध्ये तो हत्तीवर आरूढ आहे, आणि त्याच्या नृत्य करणाऱ्या कन्याही तेथे आहेत. हे सर्व राजवैभव आहे. आता लेणे क्र. १ मधील सुप्रसिद्ध पद्मपाणी बोधिसत्त्व आठवावा. उंच मुकुट, मोत्यांचे सर, बाहुभूषणे. करुणेचे मूर्त रूपही राजालंकारांनी मंडित, आणि मारही राजालंकारांनी मंडित. ज्या कलावंतांनी मुकुटाला एवढी कुसर दिली, त्यांनी अलंकाराला दुष्टतेची खूण मानले नाही. त्यांच्या दृष्टीने अलंकार म्हणजे सत्ता. आणि सत्ता ज्याच्या हाती असेल त्याच्या चित्ताचा रंग ती घेते.

या दोघांपेक्षा निराळी अशी एकच मूर्ती तेथे असते. गर्भगृहातील भगवंत निरलंकृत आहेत. त्यांच्या कानांच्या पाळ्या मात्र लांब आहेत. राजपुत्रपणी घातलेल्या जड कुंडलांनी त्या ताणल्या गेल्या आणि कुंडले उतरविल्यावर तशाच राहिल्या, असा या लक्षणाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. म्हणजे बुद्धमूर्तीचा कान हा उतरविलेल्या अलंकाराचे चित्र आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जपानकडे वळल्यावर तिची गरज पडणार आहे.

चाळीसगावच्या बाजूने गेल्यास जवळ पडणाऱ्या पितळखोरा लेण्यांतून एक हसरा, स्थूल यक्ष मिळाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्यावरील लेखात तो कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने घडविल्याचे कोरले आहे. दागिने घडविणाऱ्या हाताने यक्ष घडविला! यक्ष म्हणजे पालि साहित्यात भीतीचा विषय. सुत्तनिपातातील आळवक यक्ष प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यास हृदय फाडण्याची धमकी देतो. परंतु कण्हदासाचा यक्ष हसतो आहे. आळवकही कथेच्या शेवटी धम्माचा उपासक होतो. भीतिदायक दिसणारा तो दुष्टच, हे समीकरण या भूमीतील बौद्ध कारागिराने मानलेले नाही.

३. जपानमधील कान

बौद्ध धम्म सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानला पोहोचला, आणि त्याच्यासोबत अलंकृत बोधिसत्त्वाची प्रतिमाही गेली. नारा परिसरातील होर्युजी विहाराच्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासकांनी अजिंठ्याशी वारंवार केली आहे. १९४९ च्या आगीत त्या चित्रांची मोठी हानी झाली. परंतु जपानी समाजात दागिन्यांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय अ‍ॅनिमे समजणार नाही. तेथील प्राचीन थडग्यांत कर्णभूषणे आणि ‘मगातामा’ नावाचे वळणदार मणी सापडतात. पुढे आठव्या शतकाच्या सुमारास हार, कंकणे, कर्णभूषणे घालण्याची रीत जवळजवळ लोपली. केसांतील फण्या व काटे एवढेच भूषण उरले. ती रीत परतली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य पोशाखासोबत. आजही तेथील अनेक शाळांचे नियम विद्यार्थ्यांना कान टोचण्यास मनाई करतात.

परिणाम असा की हजार वर्षे जपानी माणसाने कानात, गळ्यात, दंडावर दागिने पाहिले ते मुख्यतः बोधिसत्त्वांच्या आणि देवतांच्या मूर्तींवर. जिवंत माणसाने ते घातले की तो एकतर देवत्वाचा दावा करणारा ठरतो, नाहीतर नियम मोडणारा. आपल्याकडे लहान मुलाचे कान टोचणे हा घरोघरचा प्रसंग आहे. त्यात कोणी बंड पाहत नाही. म्हणूनच जपानी चित्रकाराने खलपात्राच्या कानात घातलेली बाळी जे बोलते, ते आपल्या मुलांना ऐकू येत नाही.

उदाहरणार्थ, एइइचिरो ओडा यांच्या १९९७ पासून सुरू असलेल्या ‘वन पीस’ मधील एनेल. तो स्वतःला देव म्हणवितो. त्याच्या कानांच्या पाळ्या छातीपर्यंत लोंबतात आणि त्यांच्या टोकांना सोने आहे. बुद्धमूर्तीच्या कानातून जे उतरले होते, ते येथे पुन्हा चढविले आहे. त्याच्या पाठीमागे मेघगर्जनेच्या जपानी देवतेचे नगारे आहेत. देवत्वाची सर्व चिन्हे आहेत, त्याग मात्र नाही. हे पात्र ढोबळ असले तरी चिन्हाचा वापर अचूक आहे.

४. तीन मालिका, एक कसोटी

आता कसोटीला अधिक गंभीर पात्रे घेऊ. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही चित्रकथा १९९९ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘पेन’, म्हणजे वेदना, हे खलपात्र बौद्ध वाचकाने अवश्य अभ्यासावे. त्याची सहा शरीरे आहेत आणि त्यांची नावे देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत व नरक या गतींवरून आहेत. मज्झिमनिकायातील महासीहनादसुत्त पाच गती सांगते; असुरगती धरून सहा मोजण्याची प्रथा जपानपर्यंत गेली आणि तीच येथे आहे. या सहाही देहांत काळ्या सळया टोचलेल्या आहेत. पाहणाऱ्याला त्या नव्या पिढीच्या टोचलेल्या दागिन्यांसारख्या वाटतात. वस्तुतः ते सहा देह प्रेते आहेत आणि त्या सळयांतून नागातो नावाचा एक युद्धात अनाथ झालेला तरुण दुरून त्यांना चालवितो. त्याच्या स्वतःच्या पाठीतही तशाच सळया रुतलेल्या आहेत.

अलंकार म्हणजे येथे शृंखला. चालविणाराही त्याच शृंखलेत. जगाला दुःख कळल्याशिवाय शांती येणार नाही, म्हणून सर्वांना दुःख द्यावे, हे त्याचे तत्त्वज्ञान. पहिल्या आर्यसत्यापाशी थांबून उरलेली तीन टाकून दिली की काय होते, याचे एवढे नेमके चित्र लोकप्रिय कलेत क्वचितच सापडेल. आणि नागातो अखेर संवादाने बदलतो. ज्यांना मारले त्यांना आपले प्राण देऊन परत आणतो. ही अंगुलिमालाची वाट आहे. मालिकेचा दोष पुढे दिसतो. कष्टाने मोठा झालेला नायक शेवटी एका प्राचीन थोर पुरुषाच्या पुत्राचा पुनरवतार ठरविला जातो. कर्माने मिळविलेले मोठेपण जन्माच्या खात्यावर जमा होते. आपल्या वाचकांना हा व्यवहार नवा नाही.

गेगे आकुतामी यांची ‘जुजुत्सू काइसेन’ २०१८ ते २०२४ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यातील गेतो सुगुरू भिक्षूचे वस्त्र पांघरतो, एका धार्मिक पंथाचा प्रमुख होतो आणि कानांच्या पाळ्यांत काळी, जाड कर्णभूषणे घालतो. ती तो विद्यार्थिदशेपासून घालत असे. वस्त्र नंतर आले. म्हणजे भूषणे न उतरविताच त्याने वस्त्र पांघरले. त्याचे मत काय? जन्मजात शक्ती असलेले तेवढे माणूस. बाकीचे सर्व माकडे, आणि ती नष्ट करण्यायोग्य. वस्त्र समतेच्या संघाचे आणि विचार जन्मश्रेष्ठतेचा. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम् शिन्रिक्यो पंथानेही बौद्ध परिभाषा वापरली होती. त्या घटनेनंतर जपानमध्ये नव्या धार्मिक पंथांविषयी खोल संशय निर्माण झाला, हे गेतोकडे पाहताना विसरता येत नाही.

परंतु हा विषय जपानचा शोध नव्हे. कासाव जातकात एक दरिद्री माणूस हस्तिदंताच्या कारागिरांना बांगड्या आणि दागिने करताना पाहतो, दातांना भाव आहे हे त्याला कळते, आणि तो काषाय वस्त्र पांघरून हत्तींची शिकार करू लागतो. हत्ती वस्त्राला मान देतात आणि मारले जातात. दुसऱ्यांच्या दागिन्यांची हौस, पवित्र वस्त्राचा पडदा आणि निष्पापांची हत्या, अशी ही साखळी आहे. धम्मपदाच्या यमकवग्गातही चित्ताचा मळ न काढता काषाय धारण करणारा त्या वस्त्रास पात्र नाही, असे बजावले आहे. गेतोचे पात्र या कसोटीवर खरे उतरते. पुढे त्याच्या मृत्यूनंतर त्याचा देहच दुसरे एक खलपात्र वेषासारखा वापरते, ही कल्पना तर विदारक आहे. उणीव एवढीच की काषायाचे खरे मोल दाखविणारे तोलामोलाचे पात्र समोर उभे केलेले नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराने मार रंगविला, पण त्याच्यासमोर अविचल बसलेले भगवंतही रंगविले.

तिसरे उदाहरण रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’ चे (१९९६ ते २००८). येथील खलपात्र नाराकू. त्याचे नाव ‘नरक’ या शब्दाचेच जपानी रूप. तो ज्या मण्याच्या मागे आहे तो मणी ज्याच्या हाती जाईल त्याच्या चित्तानुसार शुद्ध किंवा मलिन होतो. अजिंठ्याच्या मुकुटाविषयी आपण जे म्हटले तेच हे. दुसरीकडे, नायकाच्या गळ्यात त्याला आवरणारी मण्यांची माळ आहे, आणि ती त्याला स्वतःला काढता येत नाही. उपगुप्तांनी माराला घातलेल्या माळेची ही सौम्य बहीण म्हणावी. तसेच कोयोहारु गोतोगे यांच्या ‘किमेत्सु नो याइबा’ (२०१६ ते २०२०) मध्ये कर्णभूषणे नायकाच्या कानात आहेत, ती पित्याकडून आली आहेत, आणि त्यांना घाबरतो तो राक्षसांचा स्वामी. त्याच कथेत जपमाळ धारण करणारा, अनाथ मुलांना सांभाळलेला ग्योमेई सज्जनांच्या बाजूला आहे. म्हणजे जपानी कलावंतांतही चिन्हाला एकच अर्थ चिकटविणारे आणि ते चिकटणे सोडविणारे, असे दोन्ही प्रकार आहेत. समीक्षकाने दोहोंना एका मापाने मोजू नये.

५. लोखंडाचा दागिना

अलंकारावरून माणूस ओळखण्याची सवय निरुपद्रवी आहे, असे कोणास वाटेल तर त्याने मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवावा. तेथे चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावे, असे विधान आहे. खलपात्राला खूण लावण्याची ही सर्वांत क्रूर पद्धत, कारण येथे खलपात्र कर्माने ठरलेले नाही. अंगुलिमालाने माळ स्वतः ओवली होती; येथे दागिना जन्माआधीच घडवून ठेवलेला आहे. आणि तो उतरविणे हाच गुन्हा.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्याचे अलंकारविचाराच्या दृष्टीने महत्त्व मात्र पुरेसे ओळखले गेलेले नाही. गळ्यातील जड गळसऱ्या आणि कोपरापर्यंत भरलेले चांदीचे वा कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटविणारी खूण आहे, ती टाकून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. अलंकार घालायचाच तर एखादा सोन्याचा घालावा, असेही त्यांनी सुचविले. हा नटण्याला विरोध नव्हता. दुसऱ्याने लादलेली खूण उतरविण्याचा तो कार्यक्रम होता.

धम्मपदाच्या दण्डवग्गातील एका गाथेचा आशय याच्याशी जुळतो. माणूस अलंकृत असला तरी तो शांत, दान्त, संयमी आणि प्राणिमात्रांविषयी दंड टाकलेला असेल, तर तोच श्रमण, तोच भिक्षू. अट्ठकथा ही गाथा सन्तति नावाच्या अमात्याशी जोडते, ज्याला दागिन्यांनी मढलेल्या अवस्थेतच अर्हत्त्व प्राप्त झाले. विनयात भिक्षूंना कुंडले, हार, कंकणे, अंगठ्या निषिद्ध आहेत हे खरे. पण तो त्यागाचा नियम आहे, माणसाची पारख करण्याचा नव्हे. पारख करण्याचे साधन म्हणून दागिना भगवंतांनी बाद ठरविला आहे.

तेव्हा आपल्या मुलांनी अ‍ॅनिमे पाहू नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. बुद्धमूर्तीचे कान खलपात्राला दिले म्हणून संतापण्याचेही कारण नाही. आपल्या प्रतिमा एवढ्या दुर्बल नाहीत. विहारातील रविवारच्या वर्गात मुलांसोबत बसून या मालिकांविषयी बोलावे आणि प्रत्येक खलपात्राविषयी दोन प्रश्न विचारण्याची त्यांना सवय लावावी : हा दागिना याला कोणी घातला, आणि तो उतरविण्याची वाट कथेने याला ठेवली आहे काय? जी कथा वाट ठेवते ती, ती जपानी असो वा मराठी, अंगुलिमालाच्या बाजूची आहे. जी ठेवत नाही ती, तिच्यातील दागिना सोन्याचा असला तरी, लोखंडाच्या बाजूची आहे.